मालागोलाणूंची जंतुविषे आणि बालकांची प्रतिकारशक्ती

प्राथमिक शाळेत गैरहजेरीची जी कारणे नित्य कानी पडतात, त्यांत ‘घसा दुखतो व ताप आहे’ हे एक कारण होय. दोन-चार दिवसांत मूल पुन्हा वर्गात येऊन बसते आणि ते दुखणे सर्वांच्या विस्मरणात जाते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. कारण घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. परंतु शाळकरी वयातील अशा दर शंभर प्रसंगांपैकी सुमारे पंधरा ते तीस प्रसंगी दुखण्याचे मूळ मालागोलाणू या जंतूत असते. हा जंतू शरीराच्या रक्षकव्यवस्थेची दिशाभूल करतो. घशाचे दुखणे थांबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या हृदयाला जी इजा पोहोचते, ती या भरकटलेल्या रक्षकव्यवस्थेच्याच हातून पोहोचते. हे कसे घडते, हे प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पाच ते पंधरा वर्षे हेच या आजाराचे वय होय आणि या वयाचे मूल दिवसाचा मोठा भाग शिक्षकाच्या नजरेसमोर असते.

जंतूची ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू गोल मण्यांसारखे दिसतात. ते एकापुढे एक जुळून त्यांची माळ होते. म्हणून मराठीत त्यांना मालागोलाणू हे अन्वर्थक नाव मिळाले. व्हिएन्ना येथील शल्यवैद्य थिओडोर बिलरोट यांनी १८७४ साली स्ट्रेप्टोकॉकस हे जे नाव योजिले, त्याचाही ग्रीक भाषेतील अर्थ असाच आहे. पुढे १८७९ साली लुई पाश्चर यांनी बाळंतिणींचे प्राण घेणाऱ्या सूतिकाज्वरात अशाच माळा आढळतात, हे दाखवून दिले.

या कुळातील सर्वच जंतू अपायकारक नसतात. दही लावण्याच्या कामी उपयोगी पडणारा एक प्रकारही याच कुळातला आहे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली या जंतूंचे गट पाडले. त्यांपैकी ‘अ’ गटातील मालागोलाणू मनुष्याच्या घशाला व त्वचेला विशेष बाधतो. त्याच्या अंगावर एम नावाचे प्रथिन असते व त्या प्रथिनाचे २०० हून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला सहसा लागू पडत नाही. एकाच मुलाला हे दुखणे पुनःपुन्हा का होते, याचे एक उत्तर येथे मिळते.

शरीराचे रक्षक

जंतुविषांचे कार्य समजण्यापूर्वी शरीराचे रक्षक कोण, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. पहिले रक्षक म्हणजे रक्तातील जंतुभक्षक पांढऱ्या पेशी. जंतू शिरल्याची रासायनिक वर्दी मिळताच त्या धावून जातात व जंतूंना गिळतात. दुसरे रक्षक म्हणजे प्रतिपिंडे. ती रक्तात फिरणारी प्रथिने असून ज्या जंतूविरुद्ध तयार झाली, त्यालाच अचूक चिकटतात व तो गिळण्यास सोपा करतात. तिसरे रक्षक म्हणजे टी पेशी. प्रत्येक टी पेशी एका विशिष्ट खुणेचीच जाणकार असते. तिची खूण दिसली म्हणजे ती जागी होते, आपली संख्या वाढविते आणि इतर पेशींना कामाला लावते. खूण ओळखणे, बेताने प्रतिकार करणे व काम संपताच थांबणे या तीन गोष्टींवर रक्षकव्यवस्थेची सारी मदार असते. मालागोलाणूंची शस्त्रे नेमकी या तीन गोष्टींवर चालतात.

जंतुविषांचे कार्य

प्रथम हा जंतू स्वतःला लपवितो. आपल्या शरीरातील पेशींच्या मधल्या जागेत जो चिकट पदार्थ असतो, तोच पदार्थ हा जंतू स्वतःभोवती पांघरतो. त्यामुळे रक्षकांना तो परका वाटत नाही. दुसरे असे की, पांढऱ्या पेशींना बोलावणारी रासायनिक वर्दी तो आपल्या पाचकद्रव्याने वाटेतच छाटून टाकतो. त्याचे आणखी एक पाचकद्रव्य तर अंगाला चिकटलेल्या प्रतिपिंडांचेच तुकडे करते.

इतके करूनही पांढऱ्या पेशी येऊन ठेपल्याच, तर स्ट्रेप्टोलायसिन नावाची विषे पुढे येतात. ती पेशीच्या आवरणास भोके पाडतात व पेशी फुटून मरते. तांबड्या पेशींचीही हीच गत होते. प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या थाळीवर हे जंतू वाढविले असता त्यांच्या वसाहतींभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडी उमटते, ती याच विषांमुळे. या विषांच्या दोन प्रकारांपैकी ‘ओ’ प्रकाराविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनविते. एडगर टॉड यांनी १९३२ साली ती प्रतिपिंडे मोजण्याची रीत शोधून काढली. मुलाला नुकतीच मालागोलाणूंची बाधा होऊन गेली काय, हे ठरविण्यासाठी आजही वैद्य हीच रक्ततपासणी सांगतात. तिला व्यवहारात ‘एएसओ’ तपासणी म्हणतात.

हजेरीचा दृष्टान्त

या जंतूचे सर्वांत विलक्षण शस्त्र म्हणजे त्याची ज्वरकारक विषे. यांना आज महाप्रतिजन असे म्हटले जाते. त्यांचे कार्य शाळेतील हजेरीच्या दृष्टान्ताने सहज समजेल.

दहा हजार मुलांची एक शाळा कल्पावी. हजेरी घेताना एक नाव पुकारले की त्या नावाचे एकच मूल उभे राहते व ‘हजर’ म्हणते. साधा जंतू शरीरात शिरला असता टी पेशींत असाच प्रकार घडतो. त्याची खूण ओळखणारी पेशी दहा हजारांत एखादीच, किंवा त्याहूनही विरळा असते. तेवढ्याच पेशी जाग्या होतात व बेताने प्रतिकार सुरू होतो. महाप्रतिजन मात्र नाव पुकारीत नाही. टी पेशी व तिला खूण दाखविणारी पेशी या दोहोंना तो बाहेरच्या बाजूने एकत्र जखडतो. खूण जुळो वा न जुळो, पेशी जागी होते. अशा रीतीने दहा हजारांपैकी दोन हजारांपर्यंत पेशी एकदम उठतात आणि सर्व एकाच वेळी ओरडू लागतात. त्या गोंगाटात ज्याचे नाव खरोखर पुकारायचे होते, त्याचा आवाज बुडून जातो.

या गोंगाटाचे दोन परिणाम होतात. पेशींनी सोडलेल्या दाहकारक द्रव्यांचा पूर आला म्हणजे तीव्र ताप चढतो, आणि तो पूर अनावर झाला तर रक्तदाब कोसळून मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. मालागोलाणूजन्य विषाघात या नावाने हा प्रकार १९८० नंतरच्या दशकात वैद्यकाच्या नजरेस ठळकपणे आला. तो विरळा असला तरी अल्पावधीत प्राण घेतो. दुसरा परिणाम उलट दिशेचा आहे. अशा रीतीने अकारण जाग्या झालेल्या पुष्कळ पेशी पुढे थकून निष्क्रिय होतात किंवा मरून जातात. ज्या रक्षणासाठी त्या होत्या, ते काम अपुरे राहते.

एखाद्या मुलाचे टॉन्सिल वर्षातून अनेकदा का सुजतात, या प्रश्नावर अमेरिकेतील ला होया येथील संशोधकांनी २०१९ साली प्रकाश टाकला. वारंवार हे दुखणे होणाऱ्या मुलांच्या टॉन्सिलमध्ये प्रतिपिंडे घडविण्याची केंद्रे लहान आढळली व या विषाविरुद्धची प्रतिपिंडेही त्यांच्या रक्तात कमी दिसली. प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींना साहाय्य करणे हे ज्या टी पेशींचे काम, त्यांनाच हे विष त्या पेशींच्या घातास प्रवृत्त करू शकते, असेही त्यांना दिसून आले. तेव्हा असे मूल ‘नाजूक’ किंवा ‘चुकार’ आहे असे समजून त्याला बोल लावणे योग्य नव्हे.

लोहितांग ज्वर

याच ज्वरकारक विषांमुळे लोहितांग ज्वर होतो. घसादुखीबरोबर अंगावर बारीक लाल पुरळ उठते व त्वचा हाताला खरखरीत लागते. जीभ लाल व दाणेदार होते. सातारा जिल्ह्यातील शिक्षकाला तिचे वर्णन करण्यास दूर जावयास नको. ती महाबळेश्वरच्या पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखी दिसते. शिकागो येथील जॉर्ज व ग्लॅडिस डिक या दांपत्याने १९२४ साली या ज्वराचे विष मालागोलाणूंपासून मिळते हे सिद्ध करून त्यावर त्वचेची एक कसोटी बसविली. पुढील संशोधनाने आणखी एक नवल उघडकीस आणले. ही विषे बनविण्याची विद्या जंतूच्या मूळच्या ठेवणीतील नसून जंतूंना बाधणाऱ्या विषाणूंनी ती त्याला आणून दिलेली असते. म्हणून सर्वच मालागोलाणूंच्या बाधेत पुरळ उठत नाही. परंतु पुरळ नाही म्हणून धोका नाही, असेही मानू नये.

चुकीची ओळख व संधिज्वर

आतापर्यंत वर्णिलेले परिणाम जंतू शरीरात असताना घडतात. संधिज्वराचे तसे नाही. तो घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो आणि तो विषांचा थेट परिणामही नव्हे. जंतूच्या अंगावरील काही प्रथिनांची घडण मनुष्याच्या हृदयातील व सांध्यांतील घटकांशी मिळतीजुळती असते. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे व टी पेशी मग त्या घटकांनाच शत्रू समजतात. बाधा झालेल्या सर्वच मुलांत असे घडत नाही. उपचार न झालेल्या शंभर मुलांत फार तर तिघांना संधिज्वर होतो. परंतु ज्याला तो होतो, त्याच्या हृदयाच्या झडपा सुजतात, जाड होतात व कालांतराने नीट उघडत वा मिटत नाहीत. पुन्हा बाधा झाली की पुन्हा इजा होते व प्रत्येक वेळी ती वाढत जाते. कित्येक मुलींच्या बाबतीत हा दोष प्रथम गरोदरपणी उघडकीस येतो, जेव्हा हृदयावरील भार वाढलेला असतो.

जगात या हृदयविकाराचे सुमारे ३ कोटी ३० लाख रुग्ण असून वर्षाकाठी ३ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावतात, असा अंदाज २०१५ सालाकरिता करण्यात आला होता. त्यांतील फार मोठा वाटा भारतासारख्या देशांचा आहे. दाट वस्तीची घरे व वेळेवर न मिळणारा उपचार, ही त्याची मुख्य कारणे होत. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विकाराच्या प्रतिबंधाविषयी ठराव संमत केला.

संधिज्वराची एक खूण अशी आहे की, ती घरच्यांपेक्षा शिक्षकास आधी दिसण्याचा संभव असतो. काही मुलांत हात, चेहरा व पाय यांना आपोआप झटके येऊ लागतात. अक्षर अकस्मात बिघडते, पेन्सिल हातातून निसटते, मूल वेडीवाकडी तोंडे करते व विनाकारण रडते. हे घसादुखीनंतर काही महिन्यांनीही घडू शकते. त्यामुळे त्या दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. कालपर्यंत नेटके लिहिणाऱ्या मुलाची वही बिघडली, तर शिक्षेपूर्वी वैद्याची आठवण झाली पाहिजे.

मूत्रपिंडांनाही अशीच इजा होते. घशाच्या किंवा त्वचेच्या बाधेनंतर एक ते तीन-चार आठवड्यांनी सकाळी चेहरा व डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या दिसतात, लघवी कमी होते व तिचा रंग काळ्या चहासारखा होतो. खरजेवर खाजवून झालेल्या पुळ्यांत हे जंतू घर करतात. म्हणून खरजेकडेही दुर्लक्ष करू नये.

उपाय हाती आहे

इतके बलाढ्य शस्त्रागार असलेला हा जंतू पेनिसिलिनसारख्या जुन्या औषधापुढे आजही नमतो, ही मोठी दिलाशाची गोष्ट होय. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर झालेल्या अभ्यासाने १९५० साली दाखवून दिले की, घशाच्या बाधेवर पेनिसिलिन दिल्यास पुढचा संधिज्वर बहुतांशी टळतो. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला, तरी हे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापिला आणि १९५५ पासून हे औषध आपल्या भूमीवर तयार होऊ लागले.

अडचण औषधाची नाही. ती औषध अर्धवट सोडण्याची आहे. गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत घसा दुखायचा थांबतो, मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. तोवर घशातील सर्व जंतू मेलेले नसतात. म्हणून वैद्याने दहा दिवसांचे औषध सांगितले असेल, तर ते दहाही दिवस घेतले पाहिजे. काही वेळा वैद्य त्याऐवजी एकच इंजेक्शन देतात. ज्याला संधिज्वर होऊन गेला आहे, त्याला दर तीन किंवा चार आठवड्यांनी असे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. पेनिसिलिन काहींना सोसत नाही. तेव्हा ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व हळद घातलेले दूध यांनी घशाला आराम पडतो, पण जंतू मरत नाहीत. पडजीभ पडली असे समजून ती बोटाने दाबण्याचा प्रघात मात्र सोडावा. या जंतूविरुद्ध वापरात असलेली लस अद्याप नाही. एम प्रथिनाचे असंख्य प्रकार आणि लसीनेच चुकीची ओळख पटण्याची भीती, हे दोन अडथळे त्या वाटेत आहेत.

फलटण तालुक्यातील परिस्थिती

हा जंतू खोकल्या-शिंकण्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे पसरतो; म्हणून जेथे माणसे दाटीने राहतात, तेथे त्याला सुगी असते. फलटण तालुक्यात ऊस मोठा व साखर कारखानेही जवळ. गळीत हंगामात बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. पाचटाच्या वा प्लॅस्टिकच्या एका लहानशा कोपीत सारे कुटुंब निजते. अशा मुलाला घशाचे दुखणे झाले, दोन दिवस गोळ्या मिळाल्या आणि तिसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेली, तर उपचार तुटतो. संधिज्वराचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलाचा तर एकेक महिन्याचा खाडा हृदयाला महागात पडू शकतो. म्हणून स्थलांतरित मुलाला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड देताना, त्याच्या आजाराच्या कागदाची प्रतही पालकांच्या हाती द्यावी आणि पुढील इंजेक्शनची तारीख त्यांना तोंडी समजावून सांगावी. पालकांना वाचता येत नसल्यास ती सणाच्या किंवा बाजाराच्या दिवसाशी जोडून सांगितल्यास ध्यानात राहते.

शिक्षकाचे कर्तव्य

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पाहणे, टिपून ठेवणे व वेळेवर पाठविणे हे त्याचे काम होय. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

१. एकाएकी आलेला ताप, गिळताना दुखणे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके व जबड्याखाली दुखऱ्या गाठी असून सर्दी-खोकला नसेल, तर मालागोलाणूंचा संशय घ्यावा व मुलास त्याच दिवशी पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

२. औषध सुरू होऊन २४ तास झाल्यावर व ताप उतरल्यावर मुलास वर्गात घेण्यास हरकत नाही. मात्र वहीत त्याच्या नावापुढे दहा खुणा आखून रोज ‘आज गोळी घेतली का’ असे विचारून एकेक खूण पुरी करावी.

३. गुडघा, घोटा, कोपर असे एकामागून एक सांधे सुजणे, चढाला धाप लागणे, अंगाला झटके येणे, चेहरा सुजणे यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात नेण्यास पालकांना सांगावे. अतिशय ताप असून मूल गळून गेले किंवा बरळू लागले, तर एक तासही दवडू नये.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत मुलांची तपासणी करते व तपासावयाच्या विकारांत संधिज्वरजन्य हृदयविकाराचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी वारंवार घसा धरणाऱ्या, लवकर दमणाऱ्या व गुडघे दुखतात म्हणणाऱ्या मुलांची यादी आधीच तयार ठेवावी. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावेही पथकास कळवावीत.

५. पाण्याच्या पिंपास लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. एकाच पेल्याला सर्वांनी तोंड लावू नये. खोकताना तोंडावर रुमाल धरणे व शालेय पोषण आहारापूर्वी साबणाने हात धुणे, या सवयी रोजच्या परिपाठात बसवाव्यात. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

६. पालकसभेत ‘औषध पुरे करा’ एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी चालेल. पण ती प्रत्येक सभेत सांगावी.

दहा दिवसांचा उपचार पुरा झाला, तर पुढे झडपेच्या शस्त्रक्रियेची वेळ बहुधा येतच नाही. त्या दहा दिवसांतील शाळेचे दिवस मूल शिक्षकासमोर असते. सुट्टीच्या दिवसाची गोळी चुकली नाही ना, हे दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी विचारावे.